धाकट्याची तांबडी रेघ

लाकूड व्यापारी संघाच्या कचेरीत शिरलं की डाव्या हाताला एक लांबट खोली लागते. तिथे खिडकीपाशी उतरतं टेबल घेऊन जी बाई बसते, तिला सगळे रेघताई म्हणतात. खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नाही. पहिल्यांदा हे नाव कानावर पडलं तेव्हा तिला राग आला होता. मग एक दिवस तिनेच फोन उचलून "रेघताई बोलतेय" म्हटलं आणि चिडवणाऱ्यांची सगळी मजाच गेली.

काम काय, तर रेघा काढणं. आपल्या देशातून कठीण लाकडाच्या फळ्या दर वर्षी किती किमतीच्या बाहेर गेल्या आणि शेजारच्या देशातून किती किमतीच्या गेल्या, हे एका मोठ्या कागदावर शेजारी शेजारी दाखवायचं. आपली रेघ निळी, त्यांची तांबडी. वर्षाला दोन ठिपके वाढतात. एक इकडचा, एक तिकडचा. मागच्या ठिपक्याला पुढचा जोडायचा, झालं.

आता तुम्ही म्हणाल, दोन ठिपक्यांचा पगार घेते की काय ही बाई! तसं नाही हो. परवान्यांची पत्रं तीच लिहिते, सभेची आमंत्रणं तीच धाडते, शिपाई आला नाही तर कुलूपही तीच उघडते. पण जीव त्या दोन ठिपक्यांत. कारण तो आकडा असा आयता ताटात येऊन पडत नाही. शेजारचा देश आपल्या आकड्यांत प्लायवूडही धरतो, आपण धरत नाही. त्यांचं वर्ष वेगळ्या महिन्यात सुरू होतं. त्यांचं चलन वेगळं, आणि ते कधी कुठे उडी मारेल त्याचा नेम नाही. हे सगळं सोलून, निवडून, एका मापावर आणायचं आणि मग ठिपका द्यायचा. आणि रेघ हातानेच काढायची. मध्यंतरी एका सचिवांनी हौसेने मशीनवर आलेख छापून आणला. सभेत जुने वखारवाले चष्मे वर-खाली करत बसले. एकजण म्हणाला, "साहेब, कागदावर केस पडलाय, तेवढा उचला." ती आपली रेघच होती. तेव्हापासून परत बोरू, शाई आणि रेघताई.

कागद सभागृहात लागला की व्यापारी त्याच्यासमोर घोळका करून उभे राहायचे. निळी रेघ दर वर्षी थोडी खाली घसरायची, तांबडी थोडी वर चढायची. मग शेजारच्या देशाच्या नावाने बोटं मोडायची. त्यांचं सरकार बघा, त्यांची बंदरं बघा, आपलं नशीबच फुटकं. चहा येईपर्यंत हे चालायचं. रेघताई कोपऱ्यात उभी राहून ऐकायची. हे सगळे निळीकडे बघून हळहळायचे आणि ती एकटी तांबडीकडे बघायची. कारण तांबडी रेघ तिच्या लेखी त्या देशाची नव्हतीच. ती तिच्या धाकट्याची होती.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. तिच्याहून बराच लहान, इतका की गल्लीतल्या बायका विचारायच्या, "तुझा का गं हा?" आईला कामावरून यायला उशीर व्हायचा आणि वडील तर तो रांगायच्या आधीच गेले. त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं हिने केलं. पोरगा मोठा झाला आणि रस्त्यापलीकडच्या लाकडाच्या गिरणीत लागला. फळी हातात घेतली की तिच्यावर बोटाच्या पेराने ठोकायचा, कान लावायचा आणि सांगायचा, आत भेग आहे की नाही. घरी आला तरी सवय जाईना. जेवता जेवता टेबलावर टकटक करायचा, आणि आई म्हणायची, "त्या टेबलालाच विचार, जेवलंय का ते." अंगाला सदा भुशाचा वास. केस झटकले की आईच्या स्वच्छ जमिनीवर पिवळा सडा, आणि मग दोघांचं भांडण.

शेजारच्या देशात त्या सुमाराला नव्या गिरण्या उघडत होत्या. त्यांना लाकडाची प्रत ओळखणारी माणसं हवी होती. धाकट्याला बोलावणं आलं. आईचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली, "जा. इथे जन्मभर फळ्याच उचलशील." गाडी सुटायच्या वेळी तो खिडकीतून रेघताईला म्हणाला, "ताई, तुझा तो कागद दर वर्षी पाठवत जा. निळी रेघ बघितली की घरचं कळेल मला." ती म्हणाली, "आणि तांबडी बघितली की मला तुझं." दोघं हसले. गाडी वळणावर गेली तेव्हा तिला रडू फुटलं आणि ती तिथल्याच बाकावर बसून राहिली. बरं झालं कुणी ओळखीचं नव्हतं.

त्या वर्षीच्या कागदावर दोन्ही रेघा एकमेकींना छेदून गेल्या. निळी खाली आली, तांबडी वर गेली. बाकीच्यांना तो व्यापार दिसला. तिला मात्र वाटलं, आपल्या घरातून काहीतरी उचललं आणि पलीकडे नेऊन ठेवलं.

तर अशी ती रीत पडली. वर्षाचा ठिपका पडला की कागद सभागृहात लागायच्या आधी त्याची एक प्रत घरी यायची आणि दुसरी टपालाने धाकट्याकडे जायची. आईला आकडे कळत नसत, पण रेघ कळायची. ती हात पुसून यायची, कागद खिडकीच्या उजेडात धरायची आणि विचारायची, "यंदा कशी आहे त्याची?"

"वर आहे, आई."

"कितीशी?"

रेघताई तिच्या तळहातावर दोन बोटं ठेवून दाखवायची. एवढी.

"बरं झालं. पोराचं चांगलं चाललंय." एवढं म्हणून आई उठायची आणि त्या दिवशी तिला भूक नसायची. रेघताईही तिला जेव म्हणून आग्रह करायची नाही. तिच्याही घशाखाली घास उतरत नसे. तांबडी वर, म्हणजे धाकट्याचं उत्तम. धाकट्याचं उत्तम, म्हणजे तो येत नाही. दोघी हे मनात म्हणायच्या आणि तोंडाने दुसरंच काहीतरी बोलायच्या, नळाला पाणी कमी आलंय असलं काहीतरी.

घरात आईचा एक कायदा होता. धाकट्याला "ये" म्हणायचं नाही. "आपण म्हटलं की तो येईल," आई म्हणायची. "हातातलं काम टाकून येईल, तसलाच आहे तो. आणि मग जन्मभर मनात म्हणेल, यांच्यापायी आलो. नको गं बाई. त्याला यायचं असेल तेव्हा येईल." रेघताईला हे पटलं होतं. निदान पटल्यासारखं ती वागत होती. रविवारी फोन व्हायचा, त्यात सगळं यायचं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या पोराने दिवे लावले, छत गळतंय का थांबलं. तेवढं एक यायचं नाही.

सुरुवातीला धाकटाच बोलायचा, थांबवता थांबायचा नाही. गिरणीतला मुकादम कसा शिव्या देतो आणि त्याच्या शिव्या आपण कशा शिकलो. करवतीचं पातं तुटलं आणि कुणाची टोपी उडाली. दोनदा तो येऊनही गेला, भेटवस्तूंनी भरलेल्या बॅगा घेऊन. लग्नाचं काढलं की म्हणायचा, "स्थिर होऊ दे गं, मग बघू." रेघताईचंही लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे तिला फार बोलता यायचं नाही. तिला विचारायला आलेल्या नातेवाइकांना तिने चहा पाजून वाटेला लावलं होतं.

मग येणं थांबलं. बोलणंही हळूहळू आटत गेलं. पण तिच्या हातात कागद होता ना! कागद सांगत होता, तांबडी चढतेय. त्यामुळे फोनवर विचारायची ती, आणि उत्तरही तीच द्यायची.

"काय रे, रेघ बघितली तुझी. जोरात चाललंय म्हणायचं!"

"हो. चाललंय की."

"मग सुट्टी कुठली मिळणार म्हणा. कामाचा डोंगर असेल."

"हो ना."

"येशील सवडीने."

"येईन की."

फोन ठेवला की ती आईला सांगायची, "कामात बुडालाय." आणि आई शेजारणीला सांगायची, "आमचा धाकटा कामात बुडालाय." गल्लीभर होऊन जायचं. पोरगं नाव काढतंय म्हणून.

एकच वर्ष असं आलं की जगभरचा बाजार बसला आणि दोन्ही रेघा खाली आल्या. व्यापाऱ्यांनी डोक्याला हात लावले. रेघताईने तांबडा ठिपका दिला, मागच्यापेक्षा चांगला खाली, आणि तिच्या मनात आलं, काम कमी झालं असेल. येईल बहुतेक. घरी येऊन तिने कुणाला काही न सांगता धाकट्याची खोली घासून काढली, गादीला ऊन दाखवलं, बाजारातून नवी उशी आणली. आईने विचारलं तर म्हणाली, "जुनी कुबट झाली होती." रोज कामावरून येताना कोपऱ्यावरून वळलं की आधी त्याच्या खोलीच्या खिडकीत दिवा दिसतो का बघायची. तो आला नाही. पुढच्या वर्षी रेघ पुन्हा वर गेली. तिला स्वतःचीच इतकी शरम वाटली की बोलायची सोय नाही. भावाचं वाईट व्हावं म्हणून खोली झाडणारी बहीण! ही गोष्ट तिने पोटातच ठेवली. आपली माया आहे की आपला स्वार्थ, हे तिला रात्रंदिवस कळेना.

अशी वर्षं गेली. आई थकली, दिसायला कमी झालं. रेघताईच्या केसांत इतकी चांदी आली की तिने ती लपवायचंच सोडून दिलं.

आणि मग संघाला नव्या अध्यक्षबाई मिळाल्या. नवऱ्यामागे गिरणी चालवलेली बाई, आवाज करवतीवरून पोचणारा, खुर्चीत बसायची सवय नाही. पहिल्याच दिवशी सभागृहात गेल्या आणि कागदासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ही कुणाची चित्रकला?"

रेघताई पुढे झाली. "माझी."

"रेघ सुरेख आहे. पण हे सगळे पैसे ना? माल कुठाय? किती फळ्या गेल्या ते दाखवा की."

"आपल्याकडे पहिल्यापासून किंमतच दाखवतात, बाई."

"पहिल्यापासून चुकतोय मग. पैशाने मला भाव कळतो. गिरणीत किती पाती फिरली ते नाही कळत. घनमीटरची रेघ काढा. तुम्हाला जिथून आकडे मिळतात तिथून दोन्ही देशांची काढा, आणि सुरुवातीपासून." आणि जाता जाता वळून म्हणाल्या, "घाई नाही. सोमवारी द्या."

रेघताईने मनात नाक मुरडलं. पण घनमीटर शोधायला तिला कुठे जावं लागणार नव्हतं. ते तिच्याच तक्त्यांत होते, किमतीच्या अगदी शेजारच्या रकान्यात. इतकी वर्षं ती काय करायची माहीत आहे? आकडे उतरवताना नजर घसरून शेजारच्या रकान्यावर जाऊ नये म्हणून त्या रकान्यावर लाकडी पट्टी ठेवायची. कामात चूक होऊ नये म्हणून. पट्टी खाली सरकवत जायचं आणि फक्त किंमत बघायची. नव्या लोकांनाही तिने हीच युक्ती शिकवली होती, आणि त्यासाठी तिचं कौतुकही झालं होतं.

त्या दिवशी तिने पहिल्यांदाच पट्टी किमतीवर ठेवली आणि शेजारचा रकाना उघडा केला.

निळी रेघ आधी काढली. ती जवळपास सरळच गेली. कुठे जरा वर, कुठे जरा खाली, पण सरळ. हे कसं? व्यापारी तर इतकी वर्षं बुडालो बुडालो म्हणतायत. तिने बेरजा पुन्हा केल्या. बरोबर. म्हणजे फळ्या तेवढ्याच जात होत्या, फक्त त्यांना भाव येत नव्हता.

मग तांबडी घेतली. धाकटा गेला त्या वर्षी ती वर होती, पुढेही वर गेली. आणि मग उतरायला लागली. रेघताईने बोरू उचलला. चष्मा पुसला. प्लायवूड दोनदा वजा केलं असेल आपण. पाहिलं, नव्हतं केलं. पुढचा ठिपका आणखी खाली. त्याच्या पुढचा त्याच्याही खाली. ज्या वर्षांत तिने आईच्या तळहातावर दोन बोटं, तीन बोटं ठेवून दाखवलं होतं, त्याच वर्षांत ही रेघ जिन्यावरून कुणी ढकलून दिल्यासारखी खाली जात होती. तिथलं चांगलं लाकूड, आपल्या रानात न होणारं, सरत आलं होतं. जेवढं उरलं होतं त्याला सोन्याचा भाव. चार फळ्या विकून पूर्वीच्या दहा फळ्यांहून जास्त पैसे मिळत होते, आणि किमतीची रेघ ऐटीत चढत होती.

तिने बोरू खाली ठेवला. फळ्या कमी, तर करवती कमी. करवती कमी, तर माणसं कमी. आणि परक्या देशातून आलेलं माणूस सगळ्यात आधी कमी. हे तिला कुणी शिकवायला नको होतं, रस्त्यापलीकडच्या गिरणीत तिने ते पाहिलं होतं.

मग तिला मुकादम आठवला. तो शिव्या देणारा. किती वर्षांत धाकट्याने त्याचं नाव काढलं नव्हतं? तुटलेलं पातं नाही, उडालेली टोपी नाही, काही नाही. नुसतं "हो" आणि "चाललंय की". ती शब्द त्याच्या तोंडात घालत होती आणि तो बिचारा ते गिळत होता. "अगं बाई," ती मोठ्याने म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या टंकलेखकाने मान वर केली. "काय झालं, रेघताई? शाई सांडली?" "हो," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून भर दुपारी घरी निघाली. अशी ती कधी गेली नव्हती.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. पावलांवरून ओळखलं. "आज लवकर? बरं नाही का?"

"बरी आहे." रेघताई तिच्यासमोर जमिनीवर बसली. येताना रस्ताभर तिने शब्द जुळवले होते, ते सगळे पळाले. "आई, धाकट्याची रेघ खाली आलीय."

आणि काय सांगावं, त्या म्हातारीचा चेहरा उजळला! सुरकुत्या हलल्या, पाठ ताठ झाली. "खरंच? म्हणजे आता येईल तो! येईल ना गं?"

दुसऱ्याच क्षणी तिने स्वतःचं तोंड हाताने दाबलं. "जळली माझी जीभ. आई आहे का वैरीण आहे मी? पोराचं काम गेलं असेल आणि मला आनंद होतोय. दर वर्षी तू वर म्हणालीस की मी वरून बरं झालं म्हणायचे. आणि आतून वाटायचं, एकदा तरी खाली यावी मेली. एकदाच. कुणाला सांगू नकोस."

रेघताईने आईचे दोन्ही हात धरले. "मला पण तसंच वाटायचं, आई. ती उशी मी त्यासाठीच आणली होती."

"माहीत आहे मला. जुनी उशी कुबट नव्हती काही. मीच धुतली होती आदल्या आठवड्यात."

दोघी हसल्या, म्हणजे हसायला लागल्या आणि ते भलतीकडेच गेलं. डोळे पुसून झाल्यावर रेघताईने उरलेलं सांगितलं. रेघ यंदा नाही आली खाली, फार वर्षांपासून येतेय. आपण पैसे बघत होतो, फळ्या बघायला हव्या होत्या. विकणाऱ्याचं बरं चाललं होतं, कापणाऱ्याचं नाही.

आईने तिच्याकडे तोंड वळवलं. दिसत किती होतं कोण जाणे. "मग तू माझ्या हातावर दर वर्षी काय मोजून दाखवत होतीस?"

आईने ते पुढे ताणलं नाही. "लाव फोन," ती म्हणाली. "रविवार नसला तरी लाव."

फोन लगेच उचलला गेला. धाकट्याचा आवाज घाबरा झाला होता. "ताई? काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. इथेच बसलीय, ऐकतेय." रेघताईने आवाज मोठा करून फोन दोघींच्या मध्ये धरला. "यंदा मला घनमीटरची रेघ काढायला लावली."

धाकटा लाकडातला माणूस होता, त्याला फोड करून सांगावं लागलं नाही.

"कुणी लावली?"

"नव्या अध्यक्षबाई आल्यात."

"चलाख दिसतात."

"गिरणी चालू आहे का रे?"

"नाही गं. बंद होऊन जमाना झाला."

"मग करतोस काय तू?"

"एका गोदामात आहे. खोकी येतात, खोकी जातात. त्यावर लक्ष ठेवायचं. पोटापुरतं मिळतं, काळजी करू नकोस."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस? अरे, मी परकी होते का?"

"काय सांगणार, ताई? तू फोन केलास की पहिलं म्हणायचीस, जोरात चाललंय ना. इतक्या खुशीत म्हणायचीस! मी नाही म्हटलं असतं तर तुझा आवाजच पडला असता. म्हटलं, घरात सगळे खूश आहेत, राहू दे."

"मग यायचं नाही का सरळ उठून?"

"कुठे येऊ? तू कागद पाठवायचीस, तो मी भिंतीला लावायचो. निळी रेघ दर वर्षी खाली. म्हटलं, तिथलंही सगळं बंद पडत आलंय. ताई एकटी पगारावर आईला ओढतेय, त्यात आणखी एक खाणारं तोंड मी कशाला नेऊन ठेवू?"

रेघताईला आता रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे आवाज चिरका निघाला. "अरे वेड्या, निळी रेघ पैशाची होती! फळ्या तेवढ्याच जातायत. समोरची गिरणी दिवसभर कानठळ्या बसवते. प्रत ओळखणारा माणूस मिळत नाही म्हणून मालक दारात पाटी लावून बसलाय, मी रोज वाचते ती पाटी येता-जाता!"

"खरं सांगतेस?"

"खोटं कशाला सांगू? आधी जे सांगितलं तेही खोटं म्हणून नव्हतं सांगितलं."

आईने हात पुढे केला. रेघताईने फोन तिच्या हातात दिला. म्हातारीने तो तोंडासमोर आरशासारखा धरला आणि पहिल्यांदा काय बाहेर पडलं, तर खरडपट्टी.

"काय रे गाढवा! गिरणी बंद पडली, काम गेलं, गोदामात खोकी मोजतोस आणि घरी येत नाहीस? मी आंधळी होत चाललेय इथे. इतका मोठा झालास? स्वतःच्या घरी यायला बोलावणं लागतं का तुला?"

धाकट्याचा आवाज आला, लहानपणी ताप चढला की यायचा तसा.

"लागतं गं, आई."

आईने लेकीकडे पाहिलं. तिच्याच कायद्याने हे घर इतकी वर्षं चाललं होतं, आणि दोघींनी तो मोठ्या मनाने पाळला होता. तिकडे पोरगा रविवारमागून रविवार फोन कानाला लावून त्याच एका शब्दासाठी थांबला होता.

"ये रे," आई म्हणाली. "ये. उद्या ये. आहेस तसा ये." आणि मग ती तेवढंच म्हणत राहिली. तिकडे तो रडत होता की फोनच खरखरत होता ते कळेना. शेवटी तिने फोन रेघताईच्या हातात कोंबला.

"तू पण म्हण," ती म्हणाली. "तू म्हटल्याशिवाय नाही यायचा तो."

रेघताईने फोन कानाला लावला.

"ये, धाकट्या," ती म्हणाली.